ढीग जुना, पाणी दोन प्रकारचं: नागपूरलगतच्या एका डम्पिंग यार्डच्या लीचेटचं प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला तेव्हा यार्डवरचा पाणी शुद्ध करणारा प्लांट बंद पडून सतरा दिवस झाले होते. "मॅडम, पाणी रस्त्यावर आलं जी," एवढंच पलीकडून ऐकू आलं आणि मग पावसाचा आवाज. फोन यार्डवरच्या ऑपरेटरचा होता, साहेबांचा नव्हता. साहेबांचं पत्र दोन दिवसांनी आलं.

नागपुरात डम्पिंग यार्ड म्हटलं की सगळ्यांना भांडेवाडीच आठवते. हे प्रकरण तिथलं नाही. शहराला पूर्वेकडून लागून असलेल्या एका छोट्या वस्तीचं हे यार्ड आहे. रोज पंचवीसेक टन कचरा, चार एकरांवर पसरलेला ढीग आणि ढिगाचं वय अठरा वर्षं. नाव लिहीत नाही, कारण ज्यांनी मला आत बोलावून सगळी रजिस्टरं उघडून दाखवली त्यांना त्रास व्हावा अशी इच्छा नाही. पण जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते आहे. अशी यार्डं विदर्भात तालुक्यातालुक्याला आहेत आणि बहुतेकांच्या वाट्याला हेच येणार आहे.

कचऱ्याच्या ढिगातून झिरपून खाली येणारं काळं पाणी म्हणजे लीचेट. इथे ते ढिगाच्या उताराकडच्या पायथ्याशी एका तलावात जमा होत होतं. सहाशे घनमीटरचा तलाव, त्याच्या शेजारी कंटेनरमध्ये बसवलेला दिवसाला पन्नास घनमीटर क्षमतेचा प्लांट. वाळूचा फिल्टर, कार्बनचा फिल्टर, मग कार्ट्रिज फिल्टर, मग आरओ. एवढंच. मी पोचले तेव्हा तलाव काठोकाठ भरून रस्त्याखालच्या मोरीतून नाल्यात चालला होता. तो नाला नाग नदीला मिळतो, नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला आणि पुढे गोसीखुर्दचं धरण. म्हणजे मोरीतून गेलेलं पाणी नाहीसं होत नाही, ते भंडाऱ्याकडे जातं.

मेम्ब्रेन उघडून पाहिलं तेव्हा

ठेकेदाराचं म्हणणं होतं की आरओचं मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, खराब माल निघाला. नवीन मागवा, चालू होईल. मी एक जुनं मेम्ब्रेन उभं कापून उलगडायला सांगितलं. आठ इंची नळकांडं करवतीने कापायला दोघांना अर्धा तास लागला. आतले थर चटईसारखे जमिनीवर पसरले. त्यांच्यावर काकवीसारखा चिकट तपकिरी लेप होता आणि टोकाच्या बाजूला, जिथून नकार पाणी, म्हणजे मेम्ब्रेनमधून पार न गेलेलं खारं पाणी, बाहेर पडतं तिथे, पांढरे खरखरीत कण. त्या कणांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले आणि फसफस झाली. कॅल्शियम कार्बोनेट. तपकिरी लेपाला आम्लाने काही झालं नाही. कॉस्टिकच्या पाण्यात तुकडा बुडवला तर पाणी कोऱ्या चहासारखं झालं. हे ह्युमिक पदार्थ, कचरा वर्षानुवर्षं कुजून शेवटी जे उरतं ते. म्हणजे मालात खोट नव्हती. समोरून येणारं पाणीच असं होतं की कुठल्याही कंपनीचं मेम्ब्रेन दोन महिन्यांत गुदमरलं असतं.

दुसरा पुरावा ऑपरेटरच्या वहीत सापडला. हा पोरगा तिथल्याच वस्तीतला, आयटीआय झालेला. तीन महिन्यांचा पगार थकलेला असतानाही रोजची नोंद त्याने सोडली नव्हती. सरकारी रजिस्टरमध्ये सगळ्या दिवशी एकच आकडा होता, याच्या शंभर पानी वहीत मात्र रोजची कंडक्टिव्हिटी (पाण्यात क्षार किती ते सांगणारा आकडा) होती, दाब होता, "आज फेस जास्त", "आज लाइट गेली दोन तास" अशा ओळी होत्या. ती वही नसती तर मला महिनाभर चाचपडावं लागलं असतं. त्या आकड्यांवरून दिसलं की आत येणाऱ्या पाण्यातला क्षार दर आठवड्याला चढत गेला होता. का चढला? आरओचं नकार पाणी, म्हणजे सगळा क्षार एकवटलेला चौथा हिस्सा, पाइप टाकून ढिगावर सोडलं जात होतं. ते झिरपून पुन्हा तलावात, तलावातून पुन्हा आरओत. क्षार बाहेर कुठेच जात नव्हता, गोल फिरत होता आणि प्रत्येक फेरीत घट्ट होत होता.

नकार पाणी ढिगावर फिरवणं ही पद्धत पुष्कळ ठिकाणी चालते आणि कोरड्या दिवसांत थोड्या पाण्यासाठी तिला अर्थही आहे. पण पुढची तजवीज न करता तिलाच विल्हेवाट म्हणणं मला मान्य नाही.

नमुना कुठून घेतला होता

मग मी निविदेसोबतचा प्रयोगशाळेचा अहवाल मागितला, कारण प्लांट ज्या पाण्यासाठी आखला ते पाणी कुठलं हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अहवालात सीओडी (पाण्यातल्या एकूण सेंद्रिय घाणीचं माप) चाळीस हजारांच्या वर, बीओडी (त्यातल्या जीवाणूंना पचणाऱ्या भागाचं माप) पंचवीस हजार आणि पीएच (सातच्या खाली आंबट, वर अल्कली) ५.३ होता. वाचताक्षणी कळलं की हे ढिगाचं पाणी नाही.

लीचेटला वय असतं. ताज्या ओल्या कचऱ्यातून निघालेलं पाणी आंबट असतं, त्यात सहज कुजणारी आम्लं भरपूर असतात, बीओडी हा सीओडीच्या निम्म्याहून जास्त असतो. जीवाणूंना ते मेजवानीसारखं. आठ-दहा वर्षांनी ढिगाच्या आत मिथेन बनवणारे जीवाणू ती आम्लं खाऊन टाकतात. मग पीएच आठच्या वर जातो आणि बीओडी सीओडीच्या दहाव्या हिश्शाच्याही खाली येतो. उरतो तो जीवाणूंना न पचणारा ह्युमिक भाग आणि अमोनिया. अमोनियाला ढिगाच्या आत ऑक्सिजनशिवाय जायला वाटच नसते, म्हणून तो दशकानुदशकं तसाच येत राहतो.

ऑपरेटरला विचारलं तर त्याने सरळ सांगितलं, "मे महिन्यात तलाव सुकला होता न जी. मग साहेबांनी गाड्या खाली होते त्या ओट्यावरचं पाणी भरून नेलं." म्हणजे घंटागाड्या जिथे रिकाम्या होतात त्या प्लॅटफॉर्मवरच्या ताज्या पाण्याचा नमुना गेला आणि अठरा वर्षांच्या ढिगासाठी प्लांट आला. यात कुणाची लबाडी मला दिसली नाही. नमुना हवा होता, जिथे पाणी होतं तिथून घेतला. पण त्या एका बाटलीवर सगळा खर्च उभा राहिला.

आम्ही ढिगाच्या पायथ्याशी, तलावात पडण्याआधी, झिऱ्यावरच बाटली धरली. सीओडी ४,८०० मिलिग्रॅम प्रतिलिटर, बीओडी ३८०, पीएच ८.२, अमोनिया नायट्रोजन ९०० च्या आसपास, एकूण विरघळलेले क्षार ९,००० च्या घरात. २०१६ च्या घनकचरा नियमांत लीचेट नदीनाल्यात सोडण्याची मर्यादा अशी होती: बीओडी ३०, सीओडी २५०, अमोनिया नायट्रोजन ५०, विरघळलेले क्षार २,१००, क्लोराईड १,०००. आकडे समोरासमोर ठेवले की काम किती आहे ते दिसतं.

पाण्याचा हिशोब

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि पुन्हा असं प्रकरण आलं तरी इथेच घालवीन. यंत्र कोणतं हा प्रश्न नंतरचा. आधी पाणी किती आणि कुठून येतं?

नागपूरचा वर्षाचा पाऊस सुमारे अकराशे मिलिमीटर. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. हिशोबाला सोपं म्हणून चार महिन्यांत एक मीटर धरू. चार एकर म्हणजे सोळा हजार चौरस मीटर, तर ढिगावर पडणारं पाणी सोळा हजार घनमीटर. ढीग उघडा होता, माथ्यावर खळगे होते. त्यातलं एक तृतीयांश आत मुरलं तरी पाच हजार तीनशे घनमीटर होतं. पण खरी गोष्ट ढिगाच्या मागे होती. वरच्या बाजूला नऊ एकरांचं पडीक रान उताराने यार्डाकडे येतं. तिथे पडलेल्या पावसाचे तीन दशांश वाहून आले तरी अकरा हजार घनमीटर, म्हणजे ढिगातून येणाऱ्या पाण्याच्या दुप्पट. हे स्वच्छ पाणी होतं. ते फक्त कचऱ्याला शिवून तलावात येत होतं आणि लीचेट होत होतं.

दोन्ही मिळून दिवसाला सरासरी एकशे पस्तीस घनमीटर. प्लांट पन्नासचा. आणि सरासरीचं तरी काय घेऊन बसायचं? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पाणी शिरलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तसा एक पाऊस या चार एकरांवर सोळाशे घनमीटर पाणी टाकतो. सहाशेचा तलाव त्यापुढे काय टिकणार? उलट मे महिन्यात झिरा दिवसाला चार घनमीटरवर येतो. पन्नासचा प्लांट तेव्हा उपाशी.

बैठकीत एकाने सांगितलं की पावसाळ्यात तर रिपोर्ट चांगले येतात, सीओडी बाराशेच असतो, मे महिन्यात सहा हजार. मी फळ्यावर गुणाकार करून दाखवला. मे मध्ये सहा हजार गुणिले चार घनमीटर, दिवसाला २४ किलो. जुलैत बाराशे गुणिले एकशे तीस, दिवसाला १५६ किलो. रिपोर्ट पातळ दिसतो तेव्हाच नाल्याला साडेसहा पट जास्त घाण जात असते. त्या खोलीत त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही आणि मला वाटतं काम तिथून सुरू झालं.

पहिली दुरुस्ती म्हणून एकही यंत्र घेतलं नाही. जेसीबी लावून वरच्या अंगाने चारशे मीटरचा चर खणला, दगडाने बांधला आणि रानातलं पाणी ढिगाला वळसा घालून थेट नाल्याला दिलं. मग ढिगाचा माथा. त्यावर आधी काळी माती टाकायचं ठरत होतं, कारण ती जवळ मिळते आणि ओली झाली की पाणी धरते. पण काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला विचारावा. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली जातो. म्हणून माती दाबून बसवली आणि तिच्यावर फूटभर मुरूम दिला, म्हणजे ती उन्हाने वाळणार नाही. माथ्याला उतार दिला. रोजचा नवा कचरा जिथे पडतो तेवढ्याच कोपऱ्यावर ताडपत्री. आत मुरणारं पाणी निम्म्यावर आणायचं लक्ष्य धरलं, म्हणजे दिवसाला वीसेक घनमीटर. आता पन्नासचा प्लांट मोठा ठरत होता.

जुन्याला ताज्याची जोड

वीस घनमीटर जुन्या पाण्यात रोज अठरा किलो अमोनिया नायट्रोजन येतो. जीवाणूंकडून तो नायट्रेट करून घ्यायला किलोला साडेचार किलोहून थोडा जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणजे दिवसाला ८२ किलो. ते हवा फुंकणाऱ्या ब्लोअरने होतं. पण नायट्रेटचा पुढे नायट्रोजन वायू करायचा तर दुसऱ्या जातीच्या जीवाणूंना कुजण्यासारखं अन्न लागतं आणि जुन्या पाण्यात तेच नसतं. प्लांटवाले इथे मिथेनॉल सुचवतात. महाग, शिवाय पेट घेणारं. ज्या यार्डावर दर उन्हाळ्यात आग लागते तिथे मिथेनॉलचे पिंप ठेवायला मी तयार नव्हते.

अन्न तिथेच होतं, गाड्यांच्या ओट्यावर. ज्या बाटलीने सगळा गोंधळ केला तेच पाणी. एक किलो नायट्रोजनला व्यवहारात पाच किलोच्या आसपास सीओडी लागतो, अठरा किलोला नव्वद. ताज्या पाण्याच्या एका घनमीटरमध्ये चाळीस किलोहून जास्त. म्हणजे रोज दोन-सव्वादोन घनमीटर पुरे. ताज्या पाण्याचा स्वतःचाही नायट्रोजन असतो, तो वेगळा धरावा लागतो. ओट्याला नाली काढून ते पाणी वेगळ्या टाकीत घेतलं आणि एका एसबीआर टाकीत, म्हणजे सगळ्या पायऱ्या आळीपाळीने करणाऱ्या एकाच टाकीत, दोन्ही पाण्यांचा मेळ बसवला: आधी ब्लोअर बंद ठेवून ताजं पाणी, मग हवा, मग निवळू द्यायचं, मग वरचं पाणी काढायचं. ओट्यावर पाणी कमी पडेल त्या दिवशी काळा गूळ. सांडपाण्याचे प्लांट (एसटीपी) चालवणारे आपल्याकडे जीवाणू बसवायला शेण आणि गूळ वापरतातच, ऑपरेटरला ते समजावावं लागलं नाही.

जीवाणू बसायला सात आठवडे लागले. पहिल्या खेपेला मेले. चूक माझी होती, मी एप्रिलमध्ये सुरू केलं. टाकीतलं पाणी पस्तीस अंशांवर, पीएच ८.५. एवढ्या उष्ण आणि अल्कलीयुक्त पाण्यात अमोनियाचा सुमारे चौथा हिस्सा वायुरूप मोकळा अमोनिया असतो आणि तो ज्या जीवाणूंनी त्याला खायचं त्यांनाच मारतो. पंचवीस अंश आणि पीएच आठला हेच प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर येतं. दुसऱ्या खेपेला टाकीवर शेडनेट टाकलं, रोज थोडंथोडंच पाणी दिलं आणि पीएच आठच्या खाली राखला. मग धरलं. पुस्तकातले तापमानाचे तक्ते थंड मुलखातले असतात, त्यांत थंडीची काळजी असते. आपल्याला मे महिन्याची करावी लागते.

एसबीआरनंतर अमोनिया बहुतेक दिवशी पन्नासच्या आत येऊ लागला, पण रंग तसाच चहाचा. त्यावर फेरिक क्लोराईड. त्याने ह्युमिक भागाचा साका खाली बसतो आणि पीएचही उतरतो, त्यामुळे आरओवरची पांढरी खपली धरत नाही. एका खर्चात दोन कामं. त्यानंतर तोच जुना आरओ, नवीन मेम्ब्रेन घालून, जास्त ताण न देता: शंभरातलं सत्तर पाणी बाहेर, तीस नकार.

तेच तीस आता कुठे? पावसाळ्याचे एकशे वीस दिवस रोज सहा घनमीटर, एकूण ७२० घनमीटर. ते झाकलेल्या टाक्यात साठवायचं आणि ऑक्टोबरपासून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या हजार चौरस मीटरच्या उथळ वाफ्यात उन्हाला द्यायचं. नागपूरचं ऊन मे महिन्यात दिवसाला दहा मिलिमीटरच्या आसपास पाणी उडवतं. खारं पाणी हळू उडतं हे धरूनही पुढच्या जूनपर्यंत वाफा कोरडा होतो. खाली उरलेलं मीठ पोत्यांत भरून बुटीबोरीच्या घातक कचरा प्रकल्पाकडे जातं. क्षार या यार्डातून पहिल्यांदाच खरोखर बाहेर गेला. शुद्ध झालेलं पाणी कंपोस्टच्या ओळींवर आणि धुळीच्या रस्त्यांवर वापरलं जातं.

विहीर

हे सगळं वरच्या पाण्याचं झालं. ढिगाखाली मात्र अस्तर नाही. २०१६ च्या नियमांनी नवीन जागेवर दीड मिलिमीटर जाडीचं एचडीपीई प्लास्टिकचं अस्तर आणि त्याखाली नव्वद सेंटिमीटर घट्ट मातीचा थर सक्तीचा केला. अठरा वर्षांपूर्वी इथे सरळ जमिनीवर कचरा टाकायला सुरुवात झाली.

उताराच्या खाली दोनशे मीटरवर एका आजींचं वावर आहे. विहिरीचं पाणी दिसायला स्वच्छ, वासही नाही. आजी म्हणाल्या, "पाच वर्सं झाले बाई, या पान्यात डाळच शिजत नाई." कुणीही ते मनावर घेतलं नव्हतं, कारण पाणी काळं नव्हतं. मी तिथेच बादलीच्या पाण्यावर सिल्व्हर नायट्रेटची चाचणी केली. सूचक टाकून पिवळं केलेलं पाणी विटकरी व्हायला जेवढे थेंब लागायला हवेत त्याच्या कितीतरी पट लागले. क्लोराईड १,१५०. ढिगाच्या वरच्या अंगाच्या विहिरीत ९०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २५० पर्यंत योग्य आणि दुसरा स्रोतच नसेल तर १,००० पर्यंत चालवून घ्यायचं. माती रंग अडवते, अमोनियाही काही प्रमाणात धरून ठेवते, क्लोराईड मात्र पाण्याबरोबर सरळ चालत जातं. म्हणून पाणी स्वच्छ दिसत होतं आणि डाळ मात्र शिजत नव्हती, त्याच पाण्यासोबत आलेल्या कठीणपणामुळे.

पायथ्याशी कठीण मुरमापर्यंत तीन मीटर खोल आडवा चर खणून त्यात खडी आणि छिद्रांचा पाइप टाकला. झिरपा तिथे अडतो आणि पंपाने टाकीत येतो. सगळा अडतो असं मी म्हणणार नाही. खरा इलाज ढीगच उकरून, चाळून उचलण्याचा, म्हणजे बायोमायनिंगचा. ते काम मंजूर आहे. पावसाळ्यात ढीग उकरायचा नाही आणि उकरलेली बाजू मेअखेर झाकायची, ही अट मी कागदावर घालून घेतली आहे. उघडा पडलेला ढीग एका जुलैत सगळं केलेलं काम वाहून नेऊ शकतो.

चर झाल्यावर आलेल्या पावसाळ्यात तलाव एकदाच ओसंडला, सलग दोन दिवसांच्या झडीत, आणि ऑपरेटरने ते वहीत लिहून ठेवलं. त्याचा थकलेला पगार मिळाला. आता सरकारी रजिस्टरही तोच भरतो.

गेल्या महिन्यात विहिरीचा नमुना घ्यायला गेले होते. क्लोराईड ८७०. आजींनी काठावरूनच विचारलं, "आता शिजन का डाळ?" अजून दोन-तीन पावसाळे तरी नाही, असं मी त्यांना सांगितलं. आत मुरलेलं पाणी हळूहळूच धुऊन जाईल, तोवर प्यायला टँकरचंच पाणी घ्या. त्यांच्याकडे टँकर आठवड्यातून दोनदा येतो. तो रोज यावा आणि त्याचा खर्च यार्डाच्या देखभालीतून व्हावा, असं पत्र मी सोमवारी दिलं आहे.